रुग्णतपासणीचे शिक्षण आणि चित्रफितीचा उपयोग

प्रास्ताविक

आपल्या शहरात कोणाला दुखले-खुपले की शेजारीपाजारी पहिला सल्ला देतात, "घाटीत दाखवा." शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९५६ साली झाली. मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेही हेच वर्ष. तेव्हापासून जालना, बीड, परभणीकडची गोरगरीब माणसे एस.टी.तून उतरून घाटीच्या दारात रांग लावत आली आहेत. या माणसांच्या खाटांभोवती उभे राहूनच डॉक्टरांच्या पिढ्या तयार झाल्या. म्हणजे आपली माणसे तेथे नुसती रुग्ण नसतात. एका अर्थाने ती विद्यार्थ्यांचे पाठ्यपुस्तकही असतात.

प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही. बँकेत कारकुनी करणारा कला शाखेचा पदवीधर आहे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्या वस्त्यांमधून आता मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ लागली आहेत आणि त्यांतील अनेकांच्या घरात त्यांच्याआधी कोणी डॉक्टर झालेले नाही. दुसरे कारण घरचे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या आईला पोटाच्या विकारासाठी एका रुग्णालयात दाखल केले होते. तिची प्लीहा वाढलेली होती. विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी ती "चांगली केस" होती. एका सकाळी एकामागून एक बाराजणांनी तिचे पोट दाबून पाहिले. त्यांतल्या एकानेही "आई, दुखतंय का?" असे विचारले नाही. आई मला एवढेच म्हणाली, "लेकरं शिकतात रे, पण हात लई गार होते." हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

मुलांना शिकायला तर हवेच. मग रुग्णाला कमीत कमी त्रास होऊन विद्यार्थ्याला जास्तीत जास्त कसे शिकता येईल? या प्रश्नाच्या उत्तरात चित्रफितीला, म्हणजे व्हिडिओला, काय स्थान आहे, याचा विचार या लेखात केला आहे.

तपासणी म्हणजे काय?

आयुर्वेदाने रोग्याच्या परीक्षेचे दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असे तीन प्रकार सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकात रुग्णाची हकीकत ऐकून झाल्यावर शरीराची तपासणी चार पायऱ्यांनी करतात. आधी पाहणे, मग हाताने चाचपणे, मग बोटाने ठोकून पाहणे आणि शेवटी नळीने ऐकणे.

यांपैकी ठोकून पाहण्याची युक्ती ऑस्ट्रियातील लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ साली ग्रंथरूपाने मांडली. त्याचे वडील खानावळवाले होते. पिंपात द्रव कुठवर भरला आहे ते बाहेरून ठोकून समजते, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. आपणही कुंभाराकडून माठ घेताना बोटाने वाजवून पाहतोच. हवेने भरलेले फुफ्फुस पोकळ वाजते. त्यात पाणी झाले की आवाज बद्द येतो. नळीचा, म्हणजे स्टेथोस्कोपचा शोध १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक याने लावला. त्या काळी डॉक्टर रुग्णाच्या छातीला थेट कान लावीत. एका तरुण स्त्रीला तपासताना लाएनेकला तसे करणे प्रशस्त वाटेना. तेव्हा त्याने कागदाची सुरळी करून तिच्या छातीवर ठेवली आणि ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्मच मुळी रुग्णाचा संकोच जपण्यातून झाला आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावे.

आज सोनोग्राफी आहे, सी.टी. स्कॅन आहे. मग हाताने तपासायचे कशाला, असे कोणी विचारील. परंतु ही यंत्रे प्रत्येक गावात नाहीत आणि त्यांचा खर्च प्रत्येकाला परवडत नाही. कोणत्या रुग्णाला कोणत्या तपासणीला पाठवायचे हे ठरविण्यासाठीही आधी डॉक्टरचा हात आणि डोळा तयार असावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता पोट धरून आलेल्या रुग्णापुढे पहिले यंत्र डॉक्टरचा हातच असतो.

खाटेजवळची अडचण

हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही. मी बँकेत लागलो तेव्हा जुन्या रोखपालांनी मला नोटा मोजायला शिकविले. त्यांची बोटे कशी चालतात ते मी पाहत असे. पण गड्डीतली खोटी नोट बोटाला लागायला मला कित्येक महिने गेले. डॉक्टरच्या बोटांचेही तसेच आहे.

ज्येष्ठ डॉक्टर करून दाखवितात आणि विद्यार्थी पाहतात, ही जुनी पद्धत आहे आणि ती चांगलीही आहे. पण विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली. एका खाटेभोवती दहा-पंधरा विद्यार्थी उभे असले, तर पुढच्या चार-पाच जणांनाच हात दिसतो. मागच्यांना दिसतात पुढच्यांच्या पाठी. सरांनी पंजा कसा ठेवला, बोट मनगटातून हलविले की कोपरातून, हे त्यांना कळत नाही. खेड्यातून मराठी माध्यमात शिकून आलेला, जरा बुजरा विद्यार्थी बहुधा मागेच उभा राहतो. "सर, पुन्हा एकदा दाखवा" असे म्हणण्याचा धीर त्याला होत नाही. आमच्या वस्तीतील वैद्यकीयला असलेली एक मुलगी मला म्हणाली, "काका, पहिले सहा महिने मी वॉर्डात फक्त पाठी बघितल्या."

चित्रफीत काय करू शकते?

येथे चित्रफितीचा उपयोग सुरू होतो. कॅमेरा सरांच्या खांद्याजवळ ठेवला, तर शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्यालाही पहिल्या रांगेतले दिसते. चित्रफीत थांबविता येते, मागे नेता येते, सावकाश चालविता येते. तिला दहा वेळा विचारले तरी ती रागावत नाही.

पोटात पाणी झाले आहे काय, हे ठरविण्याची तपासणी घेऊ. रुग्ण उताणा झोपलेला असतो. बेंबीपासून कुशीकडे ठोकत जायचे. जेथे आवाज पोकळाचा बद्द होतो, तेथे बोट तसेच ठेवायचे. रुग्णाला विरुद्ध कुशीवर वळवायचे, थोडे थांबायचे आणि त्याच जागी पुन्हा ठोकायचे. पाणी खाली सरकलेले असेल, तर आता तेथे पोकळ आवाज येतो. पुस्तकात ही कृती चार ओळींत संपते. पण बोट तसेच ठेवायचे म्हणजे कसे, थोडे थांबायचे म्हणजे किती, हे दोन मिनिटांच्या चित्रफितीत एकदम उमगते.

आणखी एक फायदा असा की, प्रत्येक शिक्षकाची पद्धत थोडी वेगळी असते आणि विद्यार्थी गोंधळतो. विभागातील शिक्षकांनी एकत्र बसून एक चित्रफीत ठरविली, तर निदान पायऱ्यांचा क्रम सर्वांसाठी एक राहतो. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये टप्प्याटप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. तिच्यात विद्यार्थी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणी ठराविक यादीप्रमाणे त्याला गुण मिळतात. आज आपल्याकडेही या पद्धतीचा वापर होतो. अशा परीक्षेच्या तयारीसाठी क्रम पक्का असणे फार उपयोगी पडते.

श्वास मोजण्याचे उदाहरण

लहान मुलांच्या न्यूमोनियाचे उदाहरण विशेष बोलके आहे. खोकला झालेल्या मुलाचा श्वास जलद चालतो आहे का, हे पूर्ण एक मिनिट मोजून ठरवितात. दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर तो जलद समजतात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ती धोक्याची खूण असते.

ही खूण शब्दांत सांगून समजत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या बालरोगांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात चित्रफितींचा समावेश करण्यात आला. पडद्यावर बाळ दिसते, सर्व प्रशिक्षणार्थी एकाच वेळी श्वास मोजतात आणि आपापला आकडा लिहितात. मग आकडे ताडून पाहतात. ज्याचा आकडा चुकला, त्याच्यासाठी तीच चित्रफीत पुन्हा लावतात. खऱ्या रडणाऱ्या बाळापुढे वीस जणांना असे करता येणार नाही.

तपासणीचे कौशल्य पदवीवाल्यांचीच मिरासदारी नाही, हेही महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी शिकविली. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी मण्यांचे श्वासमापक साधन तयार केले. ३९ गावांतील त्यांच्या कामाचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात नोंदविले आहे. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. नीट दाखविले आणि पुन्हा पुन्हा करून घेतले, तर अल्पशिक्षित बाईही बाळाचा जीव वाचवू शकते. वैद्यकीयच्या विद्यार्थ्याला तर हे सहज जमले पाहिजे.

चित्रफीत काय करू शकत नाही?

चित्रफितीची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. तिला स्पर्श नाही. यकृताची कड बोटाला कशी लागते, तापलेले अंग हाताला कसे जाणवते, दुखऱ्या पोटाचे स्नायू कसे ताठरतात, हे पडद्यावरून कळत नाही. वास तर नाहीच. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी झाली. वैद्यकीयचे वर्ग बंद पडले आणि बरेच शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर गेले. त्या काळात चित्रफितींनी अभ्यास चालू ठेवला, हे त्यांचे उपकारच. पण पोहण्याचे चित्र पाहून कोणी विहिरीत उडी मारीत नाही, हेही तेव्हाच सर्वांना कळले.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या. माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखविता येणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. चित्रफीत विद्यार्थ्याला दुसऱ्या पायरीपर्यंत नेते. पुढच्या दोन पायऱ्या त्याला स्वतःच्या हातांनीच चढाव्या लागतात. आपल्या देशात २०१९च्या तुकडीपासून एम.बी.बी.एस.साठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात दाखविणे, निरीक्षण करणे, मदत करणे आणि स्वतः करणे असा क्रम सांगितला आहे. महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा असणेही आवश्यक ठरविले आहे. या क्रमात पहिल्या दोन गोष्टींसाठी चित्रफीत उत्तम, तिसऱ्या-चौथीसाठी गुरू आणि रुग्ण.

आपली भाषा, आपली कांती

मोबाइलवर आज परदेशी चित्रफिती भरपूर मिळतात. त्या जरूर पाहाव्यात. पण त्यांत दोन उणिवा राहतात. पहिली कांतीची. पुस्तके आणि चित्रफिती बहुतांशी गोऱ्या रुग्णांवर बेतलेल्या असतात. रक्त कमी झाल्याचा फिकेपणा, निळेपणा, अंगावरचे पुरळ सावळ्या अंगावर वेगळे दिसते. तेथे पापणीची आतली बाजू, जीभ, नखे, तळहात पाहावे लागतात. लंडनमधील मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याला हीच उणीव जाणवली आणि २०२० मध्ये त्याने आपल्या शिक्षकांच्या मदतीने काळ्या-सावळ्या त्वचेवरील लक्षणांची एक पुस्तिका तयार केली. एक विद्यार्थी हे करू शकतो, तर मराठवाड्यातील महाविद्यालयांना ते का जमू नये?

दुसरी उणीव भाषेची. आपल्याकडची बाई "लघवीला जळजळ" म्हणेलच असे नाही, ती "उन्हाळी लागली" म्हणते. "अंगावर पांढरं जातं" हे ती खाली मान घालून सांगते. "जीव घाबरा होतो", "पोटात कळ निघते", "घेरी येते", "अंग मोडून येतं" या प्रत्येक वाक्यामागे काय काय असू शकते, हे इंग्रजी चित्रफीत शिकवीत नाही. येथे खेड्यातून आलेला आपला विद्यार्थी मागे नाही, तो पुढे आहे. त्याच्या आजीची बोली हेच त्याचे भांडवल आहे. शहरी सहाध्यायांना त्याने ती शिकवावी.

रुग्णाची संमती

आता सर्वांत नाजूक मुद्दा. चित्रण कोणाचे करायचे आणि कोणाला विचारून? पॅरिसमधील शल्यचिकित्सक युजेन दोयें १८९८ पासून आपल्या शस्त्रक्रियांचे चित्रण करून घेत असे. १९०२ मध्ये त्याने राधिका आणि दूधिका या ओरिसातील जोडलेल्या बहिणींना वेगळे करण्याची शस्त्रक्रिया केली आणि तिचेही चित्रण झाले. या मुलींना त्याआधी युरोप-अमेरिकेत खेळात दाखवीत फिरविले जात होते. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत दूधिका क्षयाने वारली, पुढच्या वर्षी राधिकाही गेली. दोयेंच्या चित्रफितींच्या प्रती मात्र छायाचित्रकाराने परस्पर विकल्या आणि त्या जत्रांतून दाखविल्या गेल्या. दोयें न्यायालयात गेला आणि १९०५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. चित्रफीत कोणाच्या मालकीची, हा वाद डॉक्टर आणि छायाचित्रकार यांच्यात झाला. ज्या मुलींची शरीरे त्या फितीत होती, त्यांचा हक्क त्या खटल्याचा विषयच नव्हता.

सव्वाशे वर्षांनंतर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून नियम कडक हवेत. रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यावी. "नाही" म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही, हे त्याला आधी सांगावे. चेहरा आणि नाव दाखवू नये. विद्यार्थ्याने स्वतःच्या मोबाइलवर वॉर्डात चित्रण करू नये आणि ते व्हॉट्सअॅपवर तर मुळीच पाठवू नये. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे. पण कायदा नसता तरी माणुसकी होतीच. गरीब माणूस डॉक्टरांना सहसा "नाही" म्हणत नाही. त्याचे मौन म्हणजे संमती नव्हे.

चित्रफीत कशी वापरावी?

विद्यार्थी मित्रांनो, अनुभवी शिक्षकांशी झालेल्या बोलण्यातून आणि वाचनातून काही सूचना हाती आल्या, त्या येथे देतो.

१) एका चित्रफितीत एकच तपासणी असावी. पाच ते दहा मिनिटे पुरेत. लांबली की लक्ष उडते.

२) वॉर्डात जाण्याच्या आदल्या रात्री पाहा. आधी अखंड पाहा, मग थांबवत थांबवत पायऱ्या वहीत लिहा.

३) लगेच मित्रावर किंवा भावावर तीच तपासणी करा. वसतिगृहातील खोली ही पहिली प्रयोगशाळा.

४) हृदयाचे व फुफ्फुसाचे आवाज मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. खालच्या पट्टीचे आवाज त्यावर हरवतात. चांगले इअरफोन वापरा.

५) मित्रावर तपासणी करतानाचे स्वतःचे चित्रण, त्याच्या परवानगीने, करून पाहा. आपण रुग्णाच्या चेहऱ्याकडे न पाहता पोटाकडेच पाहत होतो, हात धुवायला विसरलो, हे कोणी सांगण्याआधी आपल्यालाच दिसेल. ते पाहून झाल्यावर पुसून टाका.

६) चित्रफितीत आरंभीचा अर्धा मिनिट ओलांडून पुढे जाऊ नका. नाव सांगणे, परवानगी घेणे, पडदा ओढणे, स्त्री रुग्णाजवळ परिचारिका वा नातेवाईक असणे, तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणणे, दुखरी जागा विचारून ती शेवटी तपासणे, हे सारे त्या अर्ध्या मिनिटात असते.

७) शेवटी खऱ्या रुग्णाकडे शिक्षकांबरोबर जा. तयारी करून गेलात, तर जे पूर्वी दहा वेळा दाबून कळत नव्हते ते एक-दोनदा हळुवार हात ठेवून कळेल.

समारोप

संस्थेच्या सभासदांपुढेही एक विचार ठेवावासा वाटतो. अमेरिकेतील डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांचा सराव घेण्याची पद्धत सुरू केली. आज ती जगभर रूढ आहे. आपल्यात सेवानिवृत्त शिक्षक, गृहिणी, कामगार आहेत. महिन्यातून एक रविवार, सभागृहातील एक मोठा पडदा, आपल्या वस्त्यांतील वैद्यकीय व परिचर्येचे विद्यार्थी, एखादे ज्येष्ठ डॉक्टर आणि रुग्णाची भूमिका करणारे चार सभासद एवढ्यावर असा वर्ग सुरू होऊ शकतो. आधी चित्रफीत पाहायची, मग आपल्याच माणसांची नाडी, श्वास, रक्तदाब तपासायचा आणि तपासणी कशी वाटली ते त्या 'रुग्णा'ने विद्यार्थ्याला स्पष्ट सांगायचे. खर्च फारसा नाही.

१९५० साली आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या मुलांच्या हाती पुस्तक आले. त्यांची नातवंडे आज त्याच शहरात नळी गळ्यात अडकवून फिरत आहेत. त्यांनी पडद्यावरून भरपूर शिकावे, पुन्हा पुन्हा पाहावे. पण खाटेवरच्या माणसाला हात लावण्यापूर्वी तो हात थोडा चोळून गरम करावा आणि "दुखतंय का?" एवढे विचारावे. माझ्या आईसारख्या कितीतरी आयांच्या वतीने एवढेच नम्रपणे सांगावेसे वाटते.